हळू गिअरची पेटी

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या ट्रकच्या दारावर नवं नाव आलं. ‘जिल्हा उस्मानाबाद’वर पांढरा रंग मारून ‘जिल्हा लातूर’ लिहिलं, पण ऊन असं, की महिन्याभरात खालचं उस्मानाबाद पुन्हा डोकं वर काढायला लागलं. त्या ट्रकची मला अजून आठवण येते. माझी बायको सिंधू म्हणते, ती माहेरी जायची तेव्हा तिचीही एवढी येत नव्हती. मी वाद घालत नाही.

मी सरकारी ड्रायव्हर, आणि ट्रक मिलिटरीतून काढून टाकलेला, चारी चाकांनी ओढणारा. मागं पाण्याची टाकी बसवलेली. दुष्काळ होता. देवणीजवळच्या एका विहिरीवर टाकी भरायची आणि डोंगरचिंचोळीला नेऊन ओतायची, दिवसाला चार खेपा. डोंगरचिंचोळी माझंच गाव. म्हणजे गाव ओढ्याच्या अलीकडं, आणि आमची बौद्धांची वस्ती पलीकडं.

टँकरचं पाणी गावच्या विहिरीत पडायचं. आम्ही छप्पन्न सालीच बुद्धाचे झालो होतो, पण त्या विहिरीवर आमच्या बायांनी पोहरा टाकायचा नाही, ही रीत तशीच होती. बाजूला थांबायचं, कुणी वरून वाढलं तर घागर भरायची. पाणी आणणारा मी, आणि माझी आई सरजाबाई त्याच पाण्यासाठी काठाबाहेर ताटकळत उभी. टाकी रिकामी होईपर्यंत मी तिच्याकडं पाहायचं टाळायचो.

वस्तीला आमची स्वतःची विहीर होती, कोरडीठाक. गाडी पोचत असेल तर तिथंही रोज एक खेप टाका, असा ऑफिसचा हुकूम होता. पण गाडी पोचत नव्हती. ओढ्यात मांडीएवढी वाळू, आणि भरलेली टाकी तिथं रुतायची.

त्यातच ट्रकची ट्रान्सफर केस फुटली. मोठ्या गिअरबॉक्सच्या मागं ही लोखंडी पेटी असते. इंजिनाची ताकद ती पुढच्या चाकांनाही वाटून देते. ऑफिसातून निरोप आला, दुसरी आणा, पण खेपा चारच्या खाली येऊ देऊ नका. मग मी आणि देवणीचे महादेवप्पा मिस्त्री नांदेडच्या जुन्या लोखंडाच्या बाजारात गेलो. आप्पांची थोरली बहीण उमाबाई आमच्याच गावात, ओढ्याच्या अलीकडं, दिलेली होती. एस.टी.त पूर्ण रस्ताभर आप्पा एक शब्द बोलले नाहीत, आणि माझ्या डोक्यात तेवढ्यात नाही नाही ते येऊन गेलं.

आमच्या ट्रकला बसतील अशा पेट्या बाजारात दोनच होत्या. एक हिरव्या रंगानं चकचकीत, दुसरी गंजकी. आप्पांनी दोन्हींच्या दांड्यांवर खडूनं खुणा केल्या. एका बाजूची दांडी ते हातानं फिरवायचे, दुसऱ्या बाजूची किती फिरते ते मी मोजायचं.

‘‘हिकडं एक, तिकडं एक,’’ हिरवीचं मोजून मी म्हणालो.

‘‘म्हंजी हिला हळू गिअर न्हाई. रिकामी गाडी वाळूतनं निघंल, भरलेली रुतंल. पर सडकंवर पळंल. चार खेपा हमखास.’’

गंजकीचा गिअर आप्पांनी खाली पाडला. इकडच्या दोन फेऱ्या पुऱ्या होऊन वर थोडं झालं, तेव्हा तिकडची एक झाली. खालचा बोल्ट काढून त्यांनी काळं तेल बोटावर घेतलं आणि उन्हात धरून चोळलं.

‘‘तेल जुनं हाय, पर लोखंडाचा चुरा न्हाई त्यात. ही भरली गाडी वड्याच्या पार नेईल.’’

‘‘मग हीच घ्या की.’’

‘‘हिचा वरचा गिअरबी जड हाय. सडकंवर गाडी रांगंल. तीनच खेपा हुतील. एक वस्तीला गेली की गावाला दोनच.’’

 आप्पा उकिडवे बसून एकदा या पेटीकडं, एकदा त्या पेटीकडं बघत राहिले. माझा स्वभाव तेव्हाही तिखट. माझं डोकं फिरलं.

‘‘आप्पा, तुमची अक्का गावात हाय म्हून तुमी हिरवीच घेनार, म्हाईत हाय मला. बायाबापड्यांनी उन्हात मेलं तरी तुमाला काय त्याचं? तोंडावर सांगा की तसं.’’

आप्पांनी हात धोतराला पुसले. ‘‘बोलून झालं का? मग धर तिकडनं,’’ म्हणाले, आणि गंजक्या पेटीला हात घातला.

एस.टी.च्या टपावर पेटी चढवताना कंडक्टर किती बडबडला! आप्पा त्याला शांतपणे म्हणाले, ‘‘पेशंट हाय, लातूरला न्यायचाय.’’ बस हसली. मला हसू आलं नाही. मान वर करायला जागाच नव्हती.

दोन दिवसांत पेटी बसली. पहिली खेप वस्तीची. ओढ्यात उतरताना हळू गिअर टाकला आणि ट्रक असा चालला, की बैलगाडी पुढं गेली असती. माझी आई पदर खोचून बाजूनं चालत होती, तीच मला मागं टाकून पुढं गेली. चाकं वाळूत कण्हत होती, पण थांबली नाहीत. आमच्या विहिरीत पाण्याची धार पडली तेव्हा मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

ऑफिसनं खेपांवरून कटकट केली, गावानंही. नांदेडहून आल्यापासून दहाव्या दिवशी मी वस्तीवर टाकी सोडत होतो. वाळू तुडवत एक बाई आली, डोक्यावर पितळेची घागर. उमाबाई होती. गावातली बाई पाण्याला आमच्या विहिरीवर कधी आली नव्हती. साऱ्या बाया तिच्याकडं बघायला लागल्या.

आईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘रांगंत उभी ऱ्हा, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘हितं कुनी कुनाला वाढत न्हाई. नंबर आला की आपल्या हातानं वढायचं.’’

उमाबाई वस्तीतल्या धोंडाबाईच्या मागं उभी राहिली. नंबर आल्यावर तिनं पोहरा टाकला, घागर भरली, आणि पोहऱ्यात उरलेलं पाणी ओंजळीनं तिथंच प्यायली. मग चुंबळ नीट करून गेली.

मला कधी एकदा आप्पांना सांगतो असं झालं. देवणीला गेलो तर ते एका जीपखाली पडलेले.

‘‘आप्पा, तुमची अक्का आमच्या विहिरीवर आली हुती.’’

‘‘आली का?’’ खालून आवाज आला. ‘‘नांदेडहून आलो त्याच सांजंला सांगून आलो हुतो तिला. म्हनलं, आता गावाला पानी पुरनार न्हाई, वड्यापल्याड जात जा. धा दिवस लागले म्हन की.’’ मग काळा हात बाहेर आला. ‘‘तो पाना दे हिकडं.’’

मी पाना दिला. नांदेडच्या बाजारात जे बोललो त्याची माफी मागायचं मनात होतं, पण ते कामात होते, म्हटलं पुन्हा कधीतरी मागू. त्यांना जाऊन आता वीस वर्षं झाली.