अकराव्या मजल्यावरचा शिक्का

मित्रांनो, मला उचलायचे असेल तर दोन्ही हात लावा. शिक्का म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर शाईत बुडवायचा रबरी ठोकळा येत असेल. मी त्या जातीचा नाही. मी ओतीव लोखंडाचा, चार किलो वजनाचा, वकिलांच्या एका पेढीचा जुना शिक्का आहे. मला शाई लागत नाही. कागद माझ्या जबड्यात सरकवायचा आणि वरचा दांडा दाबायचा, की कागदावर गोल नक्षी उठते. डोळे मिटून बोट फिरवले तरी ती कळते. एवढीच माझी कला. तिच्यावर मी त्रेसष्ट वर्षे काढली आणि तिच्याचपायी एका बाईवर तुरुंगात जायची पाळी आली. ते सांगावे म्हणून हा सगळा प्रपंच.

माझा जन्म ओतशाळेत झाला. तेथे माझ्याबरोबर शिवणयंत्रांची चाके आणि बाकांचे पाय ओतले जात होते, त्यामुळे मी कोणी मोठ्या घराण्यातला आहे असा माझा कधी समज झाला नाही. तोंडावरची अक्षरे मात्र एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने कोरली. ती उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे कागदावर सुलटी येतात. त्याला आठ दिवस लागले. मग त्याने फुंकर मारून माझ्या तोंडातला कीस उडवला आणि मला फडक्यात गुंडाळून पाठवून दिले.

माझे पहिले मालक थोरले वकील. चपलांच्या दुकानावर दोन खोल्यांचे त्यांचे कार्यालय होते आणि तेथे दिवसभर चामड्याचा व पॉलिशचा वास येई. थोरले वकील चिकट होते. पेन्सिल दोन बोटांत धरता येईनाशी झाली तरी टाकत नसत. पण दुसऱ्याच्या पैशाच्या बाबतीत ते देवमाणूस होते. मित्रांनो, घराचा किंवा दुकानाचा व्यवहार पुरा होईपर्यंत लोक आपले पैसे वकिलाकडे ठेवतात. ते पैसे वकिलाचे नसतात. पोस्टमनच्या पिशवीतली पत्रे जशी पोस्टमनची नसतात, तसेच हे. थोरल्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. दर शनिवारी ते माझ्या सांध्यात यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडत, तेही मोजून.

त्यांच्या हाताखाली एक मुलगी कारकून म्हणून लागली. पुढे तिला सगळे ‘बाई’च म्हणू लागले. तीस वर्षे मी तिच्याच टेबलावर होतो. तिच्या तळहाताने माझ्या दांड्याची पितळी मूठ झिजून गुळगुळीत झाली. कागद माझ्याखाली सरकवण्याआधी ती तो वाचे, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. घरी तिची थोरली बहीण होती. तिला दिसत नसे. दोघींचे एकमेकींशिवाय कोणी नव्हते. थोरल्या वकिलांचा मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याच्या वह्यांना कव्हरे घालायचे कामही बाईच करी आणि त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही.

थोरले गेले. पेढी आली मुलाकडे आणि जावयाकडे. धाकटे साहेब आणि जावईसाहेब, दोघेही हुशार, दोघांनाही घाई. वर्षभरात आम्ही चपलांच्या दुकानावरून थेट अकराव्या मजल्यावर गेलो. काचेच्या भिंती, पाय रुतेल असा गालिचा, आणि एक कॉफीचे यंत्र, जे बाईखेरीज कोणालाही चालवता येत नसे. येणारेजाणारे मला पाहून म्हणत, "वा, काय जुनी वस्तू जपलीय!" जपली कसली? तेलाचा थेंब मिळून मला चार वर्षे झाली होती. मला दाबले की मी कुरकुरत असे, आणि साहेबांना वाटे की जुन्या वस्तूंना असा आवाज असतोच.

त्या पेढीची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. दोन्ही साहेब आपल्या कामाचा दर सहा मिनिटांचा हिशोब लिहीत. कोणाला फोन केला, कोणता कागद वाचला, सगळे त्याच दिवशी हिशोबाच्या यंत्रात नोंदवायचे. महिन्याच्या शेवटी यंत्र आपोआप बिल करून अशिलाच्या घरी पाठवी. या सवयीने त्यांच्या अंगात घर केले होते. एकदा जावईसाहेब एका अशिलाकडे त्याच्या आईच्या निधनानंतर भेटायला गेले. पुढच्या बिलात ओळ होती : ‘सांत्वन, चोवीस मिनिटे’. बाई म्हणाली, "रडले असते तर छत्तीस झाली असती."

याच काळात इस्त्रीवाल्या मावशी आमच्याकडे आल्या. तेहतीस वर्षे त्यांनी कपड्यांना इस्त्री करण्याचे दुकान चालवले होते. गुडघे गेले म्हणून दुकान विकले आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या घ्यायचे ठरवले. खोल्यांचे काम पुरे होईपर्यंत पैसे आमच्या पेढीत ठेवले. "कोऱ्या कागदावर एक सही करून ठेवा मावशी, पुढे तुमचा हेलपाटा वाचेल," असे धाकटे साहेब म्हणाले, आणि मावशींनी सही केली. त्यांना ते वागणे फार अदबीचे वाटले.

मावशींचे पैसे, आणि आणखी कितीएकांचे, दोघा साहेबांनी समुद्रकाठच्या एका हॉटेलात घातले. हॉटेल त्यांचेच, नाव मात्र दुसऱ्याचे. सहा महिन्यांत दुप्पट करू, गुपचूप परत ठेवू, कोणाला कळणारही नाही, असा बेत होता. हॉटेलचा पायाच खचला. दोन वर्षांनी मावशी खोल्यांचा ताबा घ्यायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या तोंडाला ‘पुढच्या आठवड्यात’ची पाने पुसली गेली. असे अकरा आठवडे झाल्यावर मावशींनी तक्रार केली. आता प्रकरण गळ्याशी आले.

तेव्हा तो सहीचा कोरा कागद कपाटातून बाहेर निघाला. त्यावर धाकट्या साहेबांनी मजकूर छापला : ‘माझे पैसे हॉटेलात गुंतवण्यास माझी राजीखुशीने संमती आहे.’ तारीख घातली दोन वर्षांपूर्वीची. मग जेवणाच्या सुट्टीत ते कागदांची चळत घेऊन बाईच्या टेबलाशी आले. बाईने डबा उघडला होता.

"बाई, एवढ्या सातांवर पटकन मारून द्या. माणूस खाली गाडी सुरू ठेवून उभा आहे."

"वाचते आणि देते."

"अहो, मी वाचलेत ना! माझ्यावरही विश्वास नाही का आता?"

बाईने त्यांच्याकडे पाहिले. तिला बहुधा वह्या घेऊन येणारा मुलगा दिसला असावा. तिने सातही कागद एकामागून एक माझ्याखाली सरकवले. पाचवा तो होता. मित्रांनो, मला वाचता येते, पण नाही म्हणता येत नाही. मी दाबला गेलो.

पुढचे लवकर घडले. तपास करणारे अधिकारी आले, त्यांनी खोकी भरली, मला पारदर्शक पिशवीत घालून ‘पुरावा क्रमांक नऊ’ अशी चिठ्ठी लावली. दोन्ही साहेबांनी काखा वर केल्या. "शिक्का बाईंच्या ताब्यात असतो. त्यांनी कोणत्या कागदावर काय मारलं, आम्हाला कसं कळणार?" म्हणून आरोपींच्या बाकावर तिघे बसले : उंची कोटातले दोन वकील आणि त्यांच्या शेजारी, शक्य तितकी कडेला सरकून, बाई. ती आत गेली असती तर घरी बहिणीला कोण होते? मला ते कळत होते. लोखंडाला दुःख होत नाही असे म्हणतात. मला झाले.

कोर्टात साहेबांचे वकील मोठ्या ऐटीत म्हणाले की संमतीपत्र अस्सल आहे, सही मावशींची, तारीख दोन वर्षांपूर्वीची, शिक्काही खरा. मग मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. घडी इतकी सरळ होती की न्यायाधीशबाईंनी ती उलगडण्याआधी क्षणभर पाहिली.

मावशी म्हणाल्या, "मला कायद्यातलं काही कळत नाही. पण मी तक्रार केल्यानंतर हे बिल घरी आलं. माझे पैसे बुडवले ते बुडवले, वर माझ्याकडेच पैसे मागतायत. कसले, ते तेवढं सांगा."

न्यायाधीशबाईंनी मोठ्याने वाचले : ‘संमतीपत्र तयार करणे व शिक्का मारून घेणे, अठ्ठेचाळीस मिनिटे.’ खाली कामाची तारीख होती. ती संमतीपत्रावरच्या तारखेनंतर दोन वर्षांनी आणि मावशींच्या तक्रारीनंतर चार दिवसांनी पडत होती.

खोटा कागद करतानाही धाकट्या साहेबांचा हात सवयीने हिशोबाकडे गेला होता. यंत्र बिचारे प्रामाणिक. त्याने महिनाअखेरीस बिल धाडले. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, पण इथे चोराने चोरीची मजुरी मागितली होती. मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. जावईसाहेबांनी मेहुण्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने माझ्यावरची धूळही उडाली असती.

दोन्ही साहेब बुडाले, पण बाई अजून सुटली नव्हती. तिला ठाऊक असताना तिने शिक्का मारला का, एवढाच प्रश्न उरला. तिच्या वकिलाने तिला पढवून ठेवले होते, "फक्त ‘आठवत नाही’ म्हणा. तीस वर्षांत हजारो कागद झाले, कोण काय म्हणणार?" सल्ला चांगला होता. बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. मी तिच्यापासून चार हातांवर टेबलावर होतो.

"हा शिक्का तुम्ही मारला?" न्यायाधीशबाईंनी विचारले.

"हो. मीच मारला."

"कागद वाचला होता?"

बाईच्या वकिलाने खोकून पाहिले.

"नाही वाचला," बाई म्हणाली. "त्या दिवशी सातही नाही वाचले. साहेबांना लहानपणापासून ओळखते, म्हणून नाही वाचले. आठवत नाही म्हटलं तर ते खोटं होईल. मला सगळं आठवतं. डब्याचं झाकणसुद्धा उघडंच होतं." मग ती न विचारता मावशींकडे वळली. "मावशी, माझं चुकलं."

आठ महिने तो खटला चालला. दोन मोठ्या वकिलांनी आणि त्यांच्या मोठ्या वकिलांनी त्यात शेकडो पाने वाचली असतील. ‘माझं चुकलं’ हे शब्द त्या दालनात तेवढे एकदाच ऐकू आले.

निकाल लागला. धाकट्या साहेबांना सात वर्षे, जावईसाहेबांना पाच. वकिलीची सनद दोघांचीही गेली. बाईला न्यायाधीशबाईंनी सोडले, पण सोडताना सुनावले, "निष्काळजीपणाबद्दल मी तुम्हाला तुरुंगात पाठवत नाही. याचा अर्थ तो लहान आहे असा नाही." दोन्ही साहेबांना बाजूच्या दाराने नेले. अकरावा मजला विकून लोकांची देणी भागवायचे ठरले. मावशींच्या वाट्याला निम्म्याहून थोडे जास्त येणार होते, म्हणजे दोनऐवजी एक खोली.

लोक उठून गेले. बाई मात्र बाकावरच बसून राहिली. मावशी गुडघे धरत, एकेक बाक ओलांडत तिच्यापर्यंत आल्या आणि शेजारी बसल्या. मी अजून टेबलावरच होतो. मला न्यायला शिपाई आला नव्हता.

"तेहतीस वर्षं इस्त्री केली मी," मावशी म्हणाल्या. "एकही कपडा खिसा बघितल्याशिवाय फळीवर घेतला नाही. आणि ओळखीच्या माणसाचा खिसा तर आधी. परका माणूस घरी बघून कपडे आणतो. ओळखीचा म्हणतो, मावशी आहे, बघेल. त्याच्याच खिशात पेन निघतं, आणि शर्टाचं वाटोळं होतं." त्या थांबल्या. "एवढं कळत होतं मला, बाई. तरी कोऱ्या कागदावर सही मीच केली ना?"

बाई तेव्हा रडली. मावशींनी तिला रडू दिले आणि मग हात धरून उठवले. दोघी एकमेकींच्या आधाराने दाराबाहेर गेल्या.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडावर कानस फिरवली गेली. पेढी बंद झाली की शिक्क्याची अक्षरे पुसतात, तसा नियम आहे आणि तो योग्यही आहे. आता मी कोर्टाच्या कोठारात एका फळीवर असतो. मला जपा, मला तेल घाला, असे मी सांगणार नाही. माझे काम संपले. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणीतरी तुमच्यापुढे कागद सरकवील, आणि तो माणूस बहुधा तुमच्या माहितीतला, मायेचा असेल. त्याला वाईट वाटेल म्हणून वाचायचे टाळू नका. त्याच्यासमोरच वाचा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तो खरोखर तुमचा असेल, तर थांबेल.