देवाचं वस्त्र, बोटाची चिंधी

मी एक जुनी चिंधी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्या अंगावरचे हे तपकिरी डाग रक्ताचे आहेत, आणि ते रक्त साध्यासुध्या माणसाचं नाही.

माझा जन्म परभणीकडच्या गावरान कापसाचा. ताडकळसचे लिंगायत दुकानदार मन्मथअप्पा यांच्या धोतरातला मऊ झालेला तुकडा मी. गळ्यातलं इष्टलिंग गुंडाळायला त्यांनी मला घेतलं. रोज सकाळी ते मला सोडत, लिंग डाव्या तळहातावर ठेवत आणि पूजा करत. मी देवाचं वस्त्र झाले. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू!

निजामी राजवटीचं ते अखेरचं वर्ष होतं. बाजाराच्या दिवशी बंदुका घेतलेली एक टोळी गावात शिरली. त्यांनी दुकानं फोडली, माणसं झोडपली, शेजारच्या मुंजाजीला त्याच्याच ओट्यावर गोळी घातली. मुंजाजीची मुलं चळवळीत होती. ती कुठे लपलीत हे अप्पांना ठाऊक होतं, पण ते बोलेनात. तेव्हा एकाने त्यांचा डावा हात दुकानाच्या दगडी पायरीवर दाबून धरला आणि दुसऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने बोटं ठेचली. नखं उडाली, तीन बोटांची कातडी फाटून लोंबू लागली. अप्पा ओरडले, पण पोरांचा ठावठिकाणा त्यांच्या तोंडून निघाला नाही.

टोळी गेल्यावर अप्पांनी लिंग उजव्या मुठीत घेतलं आणि मला बायकोपुढे, शांतम्मापुढे धरलं. "देवाचं वस्त्र हाय. ह्येच बांध."

शांतम्माने जखमेत भस्म भरलं आणि तिन्ही बोटं मेथीच्या जुडीसारखी एकत्र आवळली. देवाचं ते शुद्धच, अशी घरादाराची समजूत. मी मात्र अप्पांच्या घामाने आंबलेली होते. लिंगाचं वस्त्र धुणार कोण?

थोड्याच दिवसांत हात मनगटापर्यंत सुजला, वास सुटला, अंगात ताप भरला. मी वाळून जखमेला चिकटले होते. अप्पांनी रागाने मला हिसडा दिला, तसं माझ्याबरोबर मांसही निघालं. हात गेला तर लिंग धरायचं कशात, या भीतीने तो धिप्पाड माणूस रडला.

शांतम्माने त्यांना आवरलं. उकळून कोमट केलेलं पाणी ओतत तिने मला हळूहळू सोडवलं आणि थेट चुलीवरच्या भगुण्यात टाकलं.

"देवाचं वस्त्र उकळायलीस?" अप्पा कळवळले.

"देवाला मळ लागत न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या बोटाला लागलाय."

मग तिने मला कडक उन्हात वाळवलं आणि टराटरा फाडून पट्ट्या केल्या. फार दुखलं, खोटं कशाला बोलू? त्यातलीच एक पट्टी मी. तिने जखमेतलं भस्म धुऊन काढलं. प्रत्येक बोट वेगळं बांधलं, सोललेली बोटं एकमेकांना चिकटून जुळू नयेत म्हणून मध्ये घडी ठेवली. बोटांची टोकं उघडी राखली. ती निळी पडू लागली की गाठ सैल करायची. रोज पट्टी बदलायची, मळकी पुन्हा उकळायची.

करंगळी काळी पडली होती. ती परभणीच्या दवाखान्यात कापावी लागली. बाकीची बोटं सुटीसुटी भरून आली. राजवट बुडाल्यावर अप्पा पूजेला बसले, त्यांनी डावा तळहात उघडला आणि लिंग जागेवर बसलं. समोर मुंजाजीची मुलं बसली होती.

लिंगाला नवं वस्त्र आलं. शांतम्माने मला आठवण म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवलं. आता तिथे झुरळं फिरतात. कुणा नातवाच्या पायाच्या बोटाला ठेच लागली की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, अप्पांची चिंधी बांधा, गुण येतो.

मित्रांनो, मला पुन्हा देव करू नका. आधी उकळा.