फुग्याचा श्वास

काच फुंकताना त्याचे गाल असे टम्म फुगायचे की आईनं त्याचं नाव फुग्या पाडलं, आणि तिशी उलटली तरी ते टिकलं. तो नळीतून फुंकायचा आणि ताई, त्याची थोरली बहीण, दुसऱ्या टोकाला फुगणाऱ्या काचेला आकार द्यायची. काचा प्रदर्शनांत जायच्या. भांडणं घरातच राहायची.

शेवटचा गोळा त्यानं फुंकला आणि तो तापलेला असतानाच ताईनं ज्योतीनं त्याचं तोंड वितळवून बंद केलं. आठवडाभरात फुग्याच्या छातीनं दगा दिला आणि तो गेला. आई जेवेना, बोलेना. तेव्हा ताईनं वेळ मारून नेली, "आई, यात त्याचा श्वास आहे बघ." बुडत्याला काडीचा आधार. आईनं गोळा उशाशी घेतला तो वर्षभर हलू दिला नाही.

हल्ली मात्र ती त्याला कान लावून बसायची. "घुसमटतोय गं तो," म्हणायची. ताई तिचं बोलणं हसण्यावारी न्यायची आणि भट्टीपाशी एकटी असली की स्वतःच त्याच्या श्वासाचा कानोसा घ्यायची. फुग्याची नळी तर ती पुसायलाही हातात घेत नसे. तिला भीती वाटायची, दुसरं काय!

एका दुपारी आई गोळा पोटाशी धरून कारखान्यात आली. "उघड हा. एकदा गालावर येऊ दे त्याचा श्वास. मग खुशाल जाऊ दे."

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. कोंडलेली गरम हवा थंड होताना आक्रसते, हे काचवाल्यांना पक्कं ठाऊक. गोळा उघडला की आतून काहीच येणार नाही. उलट तोच बाहेरची हवा ओढून घेईल. वर्षभराची थाप उघडी पडणार होती, आणि मग आईनं जगायचं कशावर?

"फुटेल, आई."

"फुटू दे."

"प्रदर्शनात मांडायचाय गं."

"चुलीत घाल तुझं प्रदर्शन!"

आईपुढे कुणाचं चाललंय? ताईनं टोकाला कानशीनं चरा पाडला. आईनं गाल जवळ आणून डोळे मिटले. टोक कट्‌कन तुटलं.

सूंऽऽ करत हवा आत गेली. आईच्या कानाजवळची पांढरी बट ओढली जाऊन भोकाला चिकटली. मग आवाज थांबला. ताईनं मान खाली घातली. आता आई विचारणार होती.

"श्वास घेतला गं त्यानं," आई म्हणाली. "किती दिवसांनी घेतला!" ती रडत होती आणि हसतही होती.

ताईला कारण ठाऊक होतं. तिनं पदरानं आईचे डोळे पुसले. आई गोळा तिथंच ठेवून घरी गेल्यावर तिनं प्रदर्शनासाठी तोंड पुन्हा बंद करायला ज्योत पेटवली, काचेजवळ नेली, आणि हात तिथंच थबकला. गेल्या वर्षी याच हातानं बंद केलं होतं तेव्हा फुग्या समोर उभा राहून हसत होता. तिनं ज्योत विझवली. त्याला पुन्हा कोंडायची तिची छाती झाली नाही.