फ्लेक्सवरचा हात

गोपालच्या तेरवीला कापसाच्या जिनिंगचा मालक उत्तमराव स्वतः आला नाही, त्याने भगवानरावाला पाठवलं. भगवानराव नात्याने सत्यभामाबाईचा लांबचा दीर आणि धंद्याने समाजसेवक. नांदुऱ्याच्या आसपास कुठेही काम करताना माणूस मेला, की हा मालक आणि मेलेल्याचे घरचे यांच्या मधोमध मांडी घालून बसायचा आणि दोन्हीकडचा चहा प्यायचा. एवढीच त्याची समाजसेवा. त्या दिवशी त्याच्या हातात दुखवट्याचं लुगडं होतं आणि सदऱ्याच्या खिशात घडी केलेला स्टॅम्पपेपर.

सत्यभामाबाईने आधी लुगडं पाहिलं. असलं विटकं लुगडं तिने वांग्याच्या टोपलीखालीही घातलं नसतं. मग तिने कागद सुनेकडे, गोपालच्या बायकोकडे दिला. छाया बारावी शिकलेली. तिने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. मयत गोपाल हा जिनिंगचा कामगार नव्हता. तो आपला कापूस विकायला आला असता स्वतःच्या चुकीने मशीनच्या पट्ट्यात सापडला. मालकाने केवळ माणुसकीखातर मदत केली. आता आमची कोणाविरुद्ध कसलीही तक्रार नाही.

"कापूस?" सत्यभामाबाई म्हणाली. "भाऊजी, आमच्या वावरात कापूस कधी पाह्यला तुमी? पाऊण एकर वावर. त्यात वांगे, मेथी अन् सांभार, सगळा भाजीपाला. गोपाल काय वांग्याचं पोतं घेऊन गेलता जिनिंगात?"

"कागदावर काहीतरी लिहा लागते, वहिनी." भगवानराव समजुतीने बोलू लागला. असा आवाज त्याने खास मयतीच्या घरांसाठी राखून ठेवला होता. "कोर्टात गेल्या तर बुलढाण्याच्या चकरा मारू मारू मरसान. अन् पुरावा काय हाय तुमच्यापाशी? हजेरीत गोपालचं नाव नाही. पगाराची चिठ्ठी नाही. पोलिसायनं अपघाती मयत म्हणून मर्ग लिहून फाइल बांधून टाकली."

हे सगळं खरं होतं, म्हणूनच तिच्या अंगाची आग होत होती. अकरा वर्षं गोपाल त्या जिनिंगमध्ये राबला आणि हजेरीपुस्तकात नावं होती ती मालकाच्या मेहुण्यांची आणि भाच्यांची, ज्यांनी जिनिंगचं फाटकही पाहिलं नव्हतं. पट्ट्यावरची लोखंडी जाळी महिनाभरापूर्वीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. कापूस अडकला की जाळी उघडण्यात वेळ जातो, असं मालकाचं म्हणणं. मशीन चालू असतानाच गोपाल अडकलेला कापूस ओढायला वाकला आणि त्याची बाही पट्ट्यात गेली. मशीन बंद करा म्हणणारा तिथे एकही नव्हता. चालू राहू द्या म्हणणारे तिघे होते.

त्या कागदावर अंगठा उठवला, की तिचा पोरगा कायमचा परक्याच्या कारखान्यात घुसून आपल्या मूर्खपणाने मेलेला माणूस ठरणार होता. पैशाची नड तिलाही होती. पण हे तिला सहन होणारं नव्हतं. तिने लुगडं उचलून भगवानरावाच्या मांडीवर ठेवलं.

"हे मालकाले वापस द्या. त्याची गाडी पुसाले कामी येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन स्टेशनच्या रस्त्याला गेली. तिथे गोपालच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. उत्तमरावाला नगरसेवक व्हायचं होतं आणि गेली सहा वर्षं तो फ्लेक्सवरूनच निवडून यायची खटपट करत होता. पोळा असो, दहावीचा निकाल असो, कोणाच्या म्हशीला प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं असो, खांबावर हा हात जोडून हजर. गावात कोणी मेलं की घरच्यांचं रडणं सुरू व्हायच्या आत याचा फोन फ्लेक्सवाल्याला जायचा. गोपालच्या वेळी तेच झालं. काय बोलायचं आणि काय नाकारायचं हे शिकवणारा वकील त्याला भेटला चौथ्या दिवशी. तोवर फ्लेक्स लागून गेला होता, आणि लावलेला फ्लेक्स काढायची सवय त्याच्याकडे कोणालाच नव्हती.

सत्यभामाबाईला वाचता येत नव्हतं. ती पुरावा आणायला गेली नव्हती, फोटो आणायला गेली होती. घरात गोपालचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात तो चोरासारखा दिसत होता. तिने विळ्याने दोऱ्या कापल्या, फ्लेक्सची गुंडाळी डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून घरी आली.

अंगणात पसरला तेव्हा तो निम्मं अंगण व्यापून बसला. त्यात उत्तमराव पुरुषभर, दोन्ही हात जोडलेला, डोळ्यांत टाकसाळीतून काढल्यासारखं कोरं दुःख. गोपाल खालच्या कोपऱ्यात, जेवणाच्या ताटाएवढा. यातला मेला कोण, हे परगावच्या माणसाला विचारावंच लागलं असतं. तिने शिवणाची कात्री घेतली आणि गोपालला कापून काढायला बसली. कडेकडेने कात्री चालवणार, तोच ती थांबली.

"छाया, हे काय वो त्याच्या खांद्यावर?"

गोपालच्या उजव्या खांद्यावर एक हात होता. हाताचा माणूस फ्लेक्सवाल्याने कापून टाकला होता, पण पंजा तसाच राहिला होता. त्याच्या तीन बोटांत तीन अंगठ्या. एक पिवळ्या खड्याची, एक पोवळ्याची, एक घोड्याच्या नालेची. सत्यभामाबाईने मान वर करून मोठ्या उत्तमरावाच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. त्याच तीन अंगठ्या, त्याच तीन बोटांत.

छायाला आठवलं. "खंडेनवमीचा फोटो हाय हा, आत्या. जिनिंगात मशीनची पूजा झाली, तवाचा. कपाळाले कुंकू पाहा न त्याईच्या. घरी येऊन मले म्हणे, आज मालकानं खांद्यावर हात ठेवून फोटो काढला."

सत्यभामाबाईलाही ती संध्याकाळ आठवली. त्या खुशीत तो एक भाकर जास्त जेवला होता. तेवढ्यावर खूश होणारं पोरगं होतं तिचं, आणि तिला आता भयंकर राग आला, पोरावर नाही, त्या हातावर. तिने कात्री त्या मनगटापाशी नेली.

छायाने तिचा हात धरला. मग तिने फ्लेक्सवरची अक्षरं वाचून दाखवली. आमच्या जिनिंग परिवाराचा आधारस्तंभ. अकरा वर्षे अखंड सेवा देणारा विश्वासू सहकारी. शोकाकुल, उत्तमराव आणि समस्त कामगार.

"पुन्हा वाच," सत्यभामाबाई म्हणाली, आणि कात्री बाजूला ठेवली.

मोताळ्यावरून घाट चढून दोघी बुलढाण्याला गेल्या. फ्लेक्स एसटीत मांडीवर मावेना म्हणून उभा धरला. तिथे अनुपमा नावाची वकील होती, तिशीतली, कमी बोलणारी. तिने आधी फ्लेक्स पाहिला, मग भगवानरावाचा कागद पाहिला आणि पहिल्यांदाच हसली.

"मावशी, या कागदावर तुम्ही अंगठा दिला असता तरी त्याची किंमत रद्दीएवढीच होती. कामावर माणूस गेला, तर त्याची भरपाई मालकाला कोर्टामार्फतच द्यावी लागते. आपसात लिहून घेऊन तो सुटत नाही. पोलिसांनी मर्गावर सोडलंय, तर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवा म्हणून आपण वर अर्ज करू. आणि भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत टाकू. पण तो तिथे कामाला होता, हे आपल्याला दाखवावं लागेल."

"दाखवू," सत्यभामाबाई म्हणाली. "फक्त मले तो हात कापू द्या."

"तोच तर ठेवायचा आहे."

दावा लागला. उत्तमरावाने लेखी उत्तर दिलं, की सदर इसम त्याच्या परिचयाचाही नाही. मधल्या काळात भगवानराव तीनदा आला आणि दर वेळी आधीपेक्षा बरं लुगडं घेऊन आला. तिसरं तर चांगलं काठाचं होतं. ती दारातूनच त्याला वाटेला लावायची. तारखांना जायच्या आदल्या दिवशी ती मेथीच्या जुड्या बांधून शेजारणीकडे विकायला द्यायची आणि पहाटेची एसटी धरायची. असे दोन उन्हाळे गेले.

उत्तमराव साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा त्याने पांढरं जाकीट घातलं होतं. फ्लेक्स कोणा कार्यकर्त्याने परस्पर लावला, असं त्याने सांगितलं. मयताला आपण कधी पाहिलंच नाही, असंही सांगितलं. अनुपमाने फ्लेक्स कोर्टाच्या टेबलावर पसरायला लावला आणि विचारलं, "मयताच्या खांद्यावरचा हा हात कोणाचा?"

उत्तमराव वाकून पाहू लागला आणि पाहता पाहता त्याने उजवा हात जाकिटाच्या खिशात घातला. आठ वर्षं खांबाखांबावर जोडून दाखवलेला हात त्याला त्या एका क्षणी नकोसा झाला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "हात बाहेर काढा."

तिन्ही अंगठ्या जागेवर होत्या. दोन वर्षांत त्या काढून ठेवायचीही अक्कल त्याला झाली नव्हती. पूजेचा अख्खा फोटो हजर करा, असं अनुपमाने म्हटल्यावर तो पाण्याचा ग्लास मागू लागला.

निकाल लागला. भरपाई कोर्टात जमा झाली. पट्ट्याच्या जाळीचा फौजदारी खटला मात्र अजून चालू आहे, म्हणजे तारखा चालू आहेत. निकालातलं एकच वाक्य सत्यभामाबाईने छायाकडून चार वेळा वाचून घेतलं. मयत गोपाल हा सामनेवाल्याच्या जिनिंगमध्ये कामगार होता आणि काम करत असताना मरण पावला.

अपिलाची मुदत संपल्यावर अर्ज करून तिने फ्लेक्स परत मिळवला. कोर्टाचा शिक्का बसलेला तो फ्लेक्स तिने पुन्हा अंगणात पसरला, कात्री घेतली, आणि सगळ्यांत आधी तो हात कापला. एवढा मोठा कारखानदार, पण त्याचा पंजा चुलीत टाकल्यावर प्लास्टिकसारखाच वास सुटला. मग तिने गोपालला हळूच कापून घेतलं. उरलेला पुरुषभर उत्तमराव तिने गोवऱ्यांवर झाकला. तिथे तो पावसात हात जोडून पडलेला असतो आणि शेळ्या त्याच्या जाकिटावर चढतात.

गोपालचा फोटो आता भिंतीवर, काचेत आहे. हातासोबत सदऱ्याचा तुकडाही गेला, त्यामुळे त्याच्या उजव्या खांद्याला पंजाएवढी खाच आहे. फ्रेमवाल्याने ती कॉम्प्युटरवर भरून देतो म्हटलं होतं. तिने नाही म्हटलं. आलेगेले विचारतात, बाई, खांद्याले काय झालं याच्या?

"तठी मालकाचा हात होता," ती सांगते. "माह्या पोराले तो लय आवडला होता."