खळ्यावरचं मातेरं

अंडं फोडलं तर वाटीतला बलक पिवळा नव्हता. गढूळ, हिरवट दिसत होता. तुळसाबाईनं वाटी उजेडात धरून वास घेतला. वास काही नव्हता. आत खाटेवर तिची बाळंतीण लेक नलू पडून होती. बाळंतपण जड गेलं होतं, अंगातलं रक्त कमी झालं होतं. रोज अंडं द्या, असं नर्सबाईनं बजावलं होतं, आणि नेमक्या याच दिवसांत कोंबड्यांनी अंडी देणं जवळजवळ सोडलं होतं.

"मरीआईची कोंबडी बंद केली ना आपण," तुळसाबाईची सासू तानाबाई दारातून म्हणाली. "तिनं आपले अंडे बंद केले."

तुळसाबाईनं वाटी खाली ठेवली. तिचा नवरा डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. आल्यावर त्यानं देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि पाटलाला जाऊन सांगितलं, की यापुढे मेलेली ढोरं ओढणार नाही. पाटील रागावला नाही. ज्वारीचं खळं झालं तेव्हा त्यानं फक्त बोलावणं धाडलं नाही. तोवर रास उचलल्यावर खाली उरलेलं मातेरं, मातीत मिसळलेली ज्वारी, डोमाजीच्या घरचं असायचं. कोंबड्या त्यावरच पोसल्या होत्या. आता तुळसाबाई दिग्रसला कापसाच्या जिनात कामाला जायची आणि येताना शेजारच्या तेलघाण्यावरून सरकीच्या ढेपेचा चुरा आणायची. भिजवून टाकला, की कोंबड्या तुटून पडायच्या. त्यामुळे खाण्यातच काही खोट असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

देवीचा कोप झाला, ही कुजबुज मात्र वस्तीतही सुरू झाली. नलू उठून बसेना, तेव्हा तानाबाईनं सुनेला बाजूला घेतलं. डोमाजीला कळू न देता एक कोंबडी मरीआईला दे, लेकीसाठी दे, असं ती काकुळतीनं म्हणाली. तुळसाबाईनं काळी कोंबडी धरली, तिचे पाय बांधले आणि तशीच अंगणात उभी राहिली. पाऊल पुढे पडेना.

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या तांड्यातली सोनीबाई आली. तिच्या काखेत तुळसाबाईची हरवलेली ठिपक्यांची कोंबडी होती आणि ओढणीत अंडी.

"हे तुहीच कोंबडी हाय ना? आमच्या कुडाजवळ अंडे घालून राह्यली. दुसऱ्याचं कसं खाऊ मी?"

तुळसाबाईनं त्यातलं एक अंडं तिथंच फोडलं. बलक हळदीसारखा निघाला.

"काय खाते हे तुह्याकडे?"

"काय खाईन? सांडलेली ज्वारी, किडे. तू काय टाकतं?"

तुळसाबाईनं ढेपेचं टोपलं पुढं केलं. सोनीबाईनं चिमूटभर चुरा हातात घेतला. "हे ढोराइचं खाणं हाय, बाई. कोंबडीले मानवत नाही. माह्या सासूनं एकदा टाकून पाह्यलं होतं, तं अंडे असेच खराब झाले."

तुळसाबाईनं काळ्या कोंबडीचे पाय सोडले. पण सुटल्यासारखं वाटलं ते थोडाच वेळ. घरातली ज्वारी माणसांनाच पुरत नव्हती. कोंबड्यांपुरती ज्वारी पडलेली होती ती पाटलाच्या खळ्यावर, आणि ती घ्यायची तर सोडलेलं काम पुन्हा धरायला हवं होतं.

संध्याकाळी तिनं डोमाजीला सगळं सांगितलं, पाय बांधल्याचंही.

"तू खळ्यावर गेली तं मी आडवा येणार नाही," तो म्हणाला. "नलूपेक्षा मोठं काय हाय?"

तो नाही म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं.

सकाळी तिनं सगळ्या कोंबड्या टोपल्यात घातल्या आणि ओढा ओलांडून सोनीबाईकडे नेल्या. चारा-पाणी सोनीबाईचं, अंडी अर्धी अर्धी, असं ठरलं. तानाबाई दारात उभी राहून बघत होती. तिनं अडवलं नाही.

सोनीबाई अंडी आणून देऊ लागली. नलू हळूहळू उठून बाळाला पाजू लागली. मग पुढच्या हंगामाच्या ज्वारीची मळणी सुरू झाली आणि पाटलाचा माणूस अंगणात येऊन उभा राहिला. पाटील म्हणतात, झालं गेलं विसरून जा, मातेरं तुमच्यासाठीच ठेवलं आहे, असं त्यानं सांगितलं. गोठ्यात एक बैल मेला होता. तेवढा ओढून न्यायचा होता.

डोमाजीनं तुळसाबाईकडे पाहिलं. पण बोलली ती तानाबाई.

"कोंबड्याच नाही राह्यल्या घरी. मातेरं कायले पाह्यजे आमाले?"

माणूस थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला. म्हातारी आत जाऊन नातीच्या खाटेपाशी बसली.

तुळसाबाईनं खराटा घेतला. अंगण झाडत ती कुडापर्यंत गेली. तिथं मऊ मातीत कोंबड्यांनी लोळून लोळून केलेले खळगे होते, एकाला लागून एक. एकात बारीकसं पीस अडकलं होतं. ती जरा थांबली आणि खळगे तसेच ठेवून बाजूनं झाडत गेली.