दुधातली मुंगी

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी गोग्गोने शाफाच्या दुधात मुंगी सोडली, आणि मुंगी मेली.

भोपळ्याची वाटी दाराशी उजेडात ठेवली होती. तळाला घोटभर दूध, पिवळसर आणि दाट. मुंगी गोग्गोने कुंपणाच्या बुडातून स्वतः धरून आणलेली, काळी, टपोरी. तिने पाय झाडले, वाटीच्या कडेला चढू पाहिलं, घसरली आणि मग पाय पोटाशी घेऊन नुसती तरंगत राहिली. गोग्गोने तिला काडीने ढोसलं, उलटी केली, पुन्हा ढोसलं.

"कडू आहे गं बाई," ती म्हणाली. "याही खेपेला कडूच."

ती रागाने बोलली असती तर शाफाला बरं वाटलं असतं. रागावलेल्या सासूशी भांडता येतं. पण गोग्गोचे डोळे भरून आले होते.

"मग पाजायचं काय त्याला?"

"मशिदीतल्या मालमांनी पाटीवरची आयत धुऊन दिलीय, ते पाणी. मुळ्यांचा काढा. फारच रडला तर शेळीच्या दुधात पाणी घालून. तू औषध घे. दूध निवळलं की मुंगी पोहून बाहेर येईल, मग घे छातीशी."

एवढं बोलून गोग्गोने बाळ उचललं आणि अंगणापलीकडच्या आपल्या खोपीत नेलं.

शाफा चटईवर बसून राहिली. तिचा नवरा मामान सुगी संपताच मजुरीला कानो शहरात गेला होता, तो पाऊस लागल्यावर परतणार. फोन लागला असता तरी तो काय म्हणाला असता? आई सांगेल तसं कर.

हे तिचं तिसरं मूल. पहिली मुलगी माहेरी झाली. तिथे मुंगी-बिंगी कुणी सोडली नाही, आईने पोर सरळ छातीशी दिली. दोन महिन्यांची होऊन ती तापाने गेली. सगळ्या बाया म्हणाल्या, दूध पारखलं नव्हतं ना. दुसरा मुलगा इथे झाला. गोग्गोने मुंगी सोडली, मुंगी मेली, पोराला काढ्यावर ठेवलं. नाव ठेवायच्या आदल्या दिवशी तो गेला, नावाशिवाय पुरला. तेव्हा बाया म्हणाल्या, उशीर झाला, आईच्या पोटातच कडूपणा उतरला असेल.

दवाखान्यातल्या नर्सने पोटुशा बायांना ओळीत बसवून सांगितलं होतं, फक्त अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबसुद्धा नको. पण ती सांगताना खिडकीबाहेर बघत होती, आणि शाफाची पहिली मुलगी फक्त अंगावरच्या दुधावरच होती. मग विश्वास कुणावर ठेवायचा? पाजलं तेव्हा एक गेलं, नाही पाजलं तेव्हा एक गेलं. कसंही केलं तरी मारणारा हात आपलाच.

दुपारपर्यंत तिची छाती दगडासारखी झाली. अंगात कणकण आली. पलीकडे बाळ रडलं की इकडे दूध आपोआप गळायचं, लुगडं ओलं व्हायचं. तिने बोटावर घेऊन चाखलं. गोड लागलं. पण आपलं आपल्याला कडू कसं लागेल, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुलिंबाच्या डहाळ्यांनी कढत पाण्याचे फटके देत गोग्गो तिला न्हाऊ घालत होती. तेव्हा शाफा धीर करून बोलली.

"गोग्गो, एकदा ताईंचं दूध बघा ना मुंगी सोडून."

"तलातूचं? ते कशाला?"

"बघा तरी."

तलातू म्हणजे थोरली जाऊ. चौथा मुलगा तिच्या अंगावर पीत होता, आठ महिन्यांचा, मांड्यांना वळ्या पडलेला. तिच्या दुधात मुंगी मेली तर सासूला कळेल की मुंगी कशातही मरते, एवढाच शाफाचा हिशेब. तलातू बाजरी कांडत होती. विचारल्यावर खदखदून हसली, मुसळ भिंतीला टेकवलं आणि वाटीत पिळून दिलं.

"घ्या. उरलं तर दही लावा."

मुंगी सोडली. तिने पाय झाडले. मेली.

शाफाने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. आता गोग्गो बोलेल, आता.

गोग्गोने काडीने मुंगी उलटी केली. मग पुटपुटली, "तरीच. गेल्या महिन्यात याला जुलाब झाले ते." आणि तलातूच्या पाठीवरचं पोर तिने सोडवून घेतलं. "याला आता पेज. तूही औषध घे."

"अहो, चार वाढवले मी याच्यावर!"

"बाळंतपणागणिक दूध बदलतं. माझी दोन गेली तलातू, मला शिकवू नकोस."

तलातूने शाफाकडे पाहिलं. "वा गं वा! तुझं जळलं म्हणून माझ्या घरालाही काडी लावलीस होय?"

आता अंगणात दोन पोरं रडत होती. थोरलं पेजेची वाटी हाताने उडवून लावत होतं आणि गाव डोक्यावर घेत होतं. धाकट्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा. दुपारनंतर तोही येईनासा झाला.

ती उठून गोग्गोच्या दाराशी गेली. बाळाचे ओठ सुकून पापुद्रे आले होते. टाळू खोल गेली होती. गोग्गो कापसाच्या बोळ्याने काढा ओठांवर टेकवत होती, तो गालावरून ओघळत होता.

"गोग्गो, पाया पडते तुमच्या. एकदा द्या."

"विष देऊ त्याला? आपल्या हातांनी?" गोग्गोने बोळा वाटीत टाकला. "मी मालमांकडे जाऊन येते. दुसरं, जोरकस औषध आणते. तलातू! बस इथे. हिच्या हातात पोर देऊ नकोस."

गोग्गो काठी घेऊन तरातरा निघून गेली. तलातू येऊन बाळाशेजारी बसली. कडेवरचं तिचं पोर रडून रडून लाल झालं होतं, ते तिच्या पदराला हिसके देत होतं. गोग्गो कुंपणापार होताच तिने चोळी वर केली आणि त्याला लावलं. अंगण एकदम शांत झालं.

"जा, सांग म्हातारीला," ती म्हणाली.

"मी कशाला सांगू?"

"मग बघत काय बसलीस? तुझं घे की."

शाफाने हात पुढे केले आणि तसेच थांबवले. "ताई, खरंच कडू असलं तर?"

"ते मी नाही सांगणार. उद्या काही झालं तर म्हणशील, तलातूने पाजायला लावलं. तुझं पोर, तुझं तू ठरव." मग जरा थांबून, हळू, "पण असं ठेवलं तर काय होतं ते तू पाहिलंयस. मी पण पाहिलंय."

शाफाने बाळ उचललं. कोरड्या पानासारखं हलकं. तिने छातीला लावलं, पण त्याने तोंड उघडलं नाही. दगड झालेली छाती त्याच्या ओठांत मावतच नव्हती. तिने पिळलं. इतकं दुखलं की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दूध त्याच्या हनुवटीवर सांडलं.

"घे रे. घे ना रे राजा. घे."

तो घेत नव्हता. डोळे अर्धे मिटलेले, आत नुसतं पांढरं. शाफा हुंदके देऊ लागली. तलातूने आपलं पोर बाजूला सारलं, पुढे सरकून शाफाची छाती दोन्ही हातांनी दाबून थोडी मोकळी केली आणि बाळाची हनुवटी बोटाने खाली ओढली. "थेंब थेंब टाक. ओतू नकोस, ठसका लागेल."

एक थेंब. जिभेवर तसाच राहिला. दुसरा. तिसरा. मग गळ्याजवळ काहीतरी हललं.

"गिळलं," तलातू म्हणाली. "टाक आणखी."

किती वेळ गेला कोण जाणे. त्याने कधीतरी स्वतःहून ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. शाफाने मान वर केली तेव्हा दारात गोग्गो उभी होती, हातात पुडकं.

पुडकं कोपऱ्यात टाकून गोग्गो खाली बसली. "मेलं तर तुझ्या माथी," ती म्हणाली. "माझ्या नाही. ऐकलंस?"

"ऐकलं," शाफा म्हणाली आणि बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

त्यानंतरचे दिवस शाफाने श्वास मोजत काढले. बाळ झोपलं की नाकाशी बोट धरायची. दूध गळलं तरी भीती, नाही गळलं तरी भीती. गोग्गो तिला न्हाऊ घालायची, पण एक अक्षर बोलायची नाही, आणि बाळाला हात लावायची नाही. तलातूचं पोर तर पुन्हा उघड उघड पीत होतं. म्हातारी तिकडे पाठ करून बसायची.

नावाच्या, सातव्या दिवशी न्हावी आला. पुरुष बाहेर चटयांवर बसले, मेंढा कापला. बाळाला तलातूने बाहेर नेलं, आणि वस्तरा डोक्याला लागताच ते असं किंचाळलं की लोक हसले. "घसा बघा पोराचा!" कुणीतरी म्हणालं. मालमांनी नाव उच्चारलं, हबिबू. गोग्गो बायकांना सांगत होती, "दुसरं औषध आणलं ना मी, त्याचा गुण. आईच्या न्हाणीच्या पाण्यात घातलं, तेव्हा दूध निवळलं." शाफाने आतून ऐकलं. ते पुडकं कोपऱ्यात न सोडलेलं पडलं होतं, तिला माहीत होतं.

बायांच्या आनंदाच्या किलकाऱ्या सुरू झाल्या आणि तेव्हाच तिला दुसरा आठवला, तो काढ्यावर ठेवलेला. आजवर तिने त्याच्यासाठी नशिबाला बोल लावला होता. आता तोही आधार सुटला. त्यालाही असं उचलून घेतलं असतं तर! ती भिंतीकडे तोंड करून पदर तोंडात कोंबून रडू लागली.

तलातू बोडक्या डोक्याचं बाळ घेऊन आत आली. "ए, बास आता. रडणारीचं दूध खारट होतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मला काय ठाऊक? म्हणतात." तिने बाळ शाफाच्या मांडीवर टाकलं. "घे, भूक लागलीय त्याला."