कुलपाला शेवट कळलाच नाही

मी कुलूप बोलतोय. कडीकोयंड्यातलं नव्हे; टॅबवर विकत घेतलेल्या पुस्तकाच्या पोटात बसवलेलं. दिसत नाही, गंजत नाही. चोरांनी नकला करू नयेत म्हणून पुस्तकं विकणाऱ्या कंपनीनं मला घडवलं. गंमत अशी, की आजवर एकही चोर माझ्याकडे फिरकला नाही. भेटले ते पैसे मोजून आलेले सज्जन.

असेच एक घड्याळं दुरुस्त करणारे काका भेटले. नजर अधू झाली, हातातलं काम सुटलं. टॅब मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवतो, हे ऐकून त्यांनी ही कादंबरी घेतली. टॅबनं पहिला शब्द उच्चारायच्या आत मी त्याचं तोंड दाबलं. नक्कल तर नाहीच, मोठ्यानं वाचूही द्यायचं नाही, असा मला कंपनीचा हुकूमच होता.

"घ्या!" पुतणी फणकारली. "म्हटलं होतं, आधी विचारा. पण ऐकतील ते काका कसले!"

"मग तू वाच. तुझ्या तोंडाला कुठे कुलूप आहे?"

ती रोज धडाधड वाचायची आणि माझे कान टवकारलेले असायचे. आपण राखतोय ते आहे तरी काय, हे मला तेव्हा कळलं! भर वादळात दीपगृहाचा दिवा कोणीतरी विझवतं. कोणी? काकांचा संशय रखवालदारावर, पुतणीचा त्याच्या सासऱ्यावर. माझं काही ठरत नव्हतं.

दोन प्रकरणं उरली आणि टॅबनं मान टाकली. पुतणीनं पुस्तकासकट मला नव्या टॅबमध्ये हलवलं. रिवाजाप्रमाणे मी कंपनीला विचारलं, 'उघडू का?' पण कंपनीनं गाशा गुंडाळलेला. उत्तर देणार कोण? माझा जीव नुसता तगमगला. किल्ली माझ्याकडे कधी नव्हतीच.

"अगं, पण मी विकत घेतलंय!"

"विकत नाही काका, त्यांच्या मर्जीवर. मैत्रिणीकडे बिनकुलपाची नक्कल आहे. आणू?"

"चोरीची? माझ्या घरात?"

"चोरी तुमच्या घरात झालीच आहे. तुमची!"

काकांनी नवा टॅब बाजूला सारला. मग म्हणाले, "आण. पण सासरा निघाला तर हसायचं नाही."

आता दोघं पलीकडच्या खोलीत आहेत. दार लोटलेलं. मघाशी काका "काय सांगतेस!" म्हणून ओरडले आणि पुतणी खो खो हसली. मी इथे बंद पुस्तकावर पहारा देत बसलोय.

तुम्ही असं पुस्तक घ्याल तेव्हा किल्ली कोणाकडे राहणार, तेवढं आधी विचारा. आणि तो दिवा कोणी विझवला ते कळलं, तर जाता जाता मला सांगा. मी कोणाला सांगणार नाही. माझा धंदाच तो.